बालमनाचे शास्त्र आणि स्त्रियांचे श्रम : ताराबाई मोडक यांचा वारसा

(बंगळूर येथील जे. पी. नगरमध्ये मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मानसशास्त्र हे शास्त्र बाल्यावस्थेत असताना स्त्रियांनी त्यात कोणते कार्य केले आणि त्यांच्या मार्गात कोणते अडथळे उभे राहिले, हा आजच्या अभ्यासवर्गाचा विषय आहे. वेतन, महागाई, जमीन असे प्रश्न समोर असताना हा विषय कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या शंकेला उत्तर देऊनच पुढे जाणे योग्य ठरेल.

ज्या जे. पी. नगरमध्ये आपण आज जमलो आहोत, तेथे आणि दक्षिण बंगळूरच्या बहुतेक सर्व मध्यमवर्गीय वसाहतींत 'माँटेसरी' हे नाव मिरविणाऱ्या पाट्या दिसतात. तेथे प्रवेश मिळविण्यासाठी पालकांना भरभक्कम शुल्क मोजावे लागते. याच शहरात, घरकाम करणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या, तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई करणाऱ्या स्त्रियांची मुले ज्या ठिकाणी जातात त्याला अंगणवाडी म्हणतात. वरवर पाहता या दोन वेगळ्या जगांतील संस्था आहेत. परंतु दोहोंचे मूळ एकाच शास्त्रीय विचारात आहे. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचे मन असते, त्या मनाच्या वाढीचे काही नियम असतात आणि ते नियम निरीक्षणाने जाणून घेता येतात, हा तो विचार होय. हा विचार आपल्या देशात गरिबाच्या अंगणापर्यंत नेणारी व्यक्ती एक मराठी स्त्री होती. तिचे नाव ताराबाई मोडक.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : ताराबाईंना शिक्षणतज्ज्ञ म्हणून गौरविले गेले, समाजसेविका म्हणून वंदिले गेले, परंतु त्यांनी जे केले ते बालमानसशास्त्रातील मूलगामी कार्य होते, असे सहसा कोणी म्हणत नाही. हा केवळ एका व्यक्तीवरील अन्याय असता तर त्याची चर्चा इतिहासकारांवर सोपवून देता आली असती. पण स्त्रीच्या ज्ञानाला 'माया' आणि तिच्या श्रमाला 'सेवा' म्हणावयाचे, या प्रवृत्तीची किंमत आज देशातील लक्षावधी अंगणवाडी सेविका आपल्या वेतनातून मोजीत आहेत. म्हणून हा विषय वेतनाचाही आहे.

प्रयोगशाळेच्या दाराशी

प्रथम जगाकडे पाहू. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा म्हणून जिचा उल्लेख होतो, ती विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे स्थापन केली. त्यापूर्वी मनाचा विचार तत्त्वज्ञानाच्या पोटात होत असे. नवे शास्त्र जन्माला आले तेव्हा जुने पूर्वग्रह तरी मागे राहतील, अशी अपेक्षा कोणी केली असेल तर ती फोल ठरली.

अमेरिकेतील मेरी व्हिटन कॉल्किन्स यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. वेलस्ली येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या ग्रीक भाषा शिकवीत असत. तेथे मानसशास्त्र शिकविण्याचे ठरले, तेव्हा त्यांना त्या विषयाचे शिक्षण घेण्यास सांगण्यात आले. हार्वर्ड विद्यापीठात विल्यम जेम्स यांच्यासारखे अध्यापक त्यांना शिकवावयास तयार होते. विद्यापीठ तयार नव्हते. अखेर १८९० साली, ही नोंदणीकृत विद्यार्थिनी नव्हे अशी स्पष्ट नोंद करून, त्यांना वर्गात बसू देण्यात आले. १८९१ साली त्यांनी वेलस्ली येथे स्वतःची प्रयोगशाळा उभारली. रंग आणि अंक अशा जोड्या दाखवून स्मरणाचा अभ्यास करण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली आणि ती पुढे जगभर वापरली गेली. १८९५ साली त्यांनी डॉक्टरेटची परीक्षा दिली. परीक्षकांनी त्यांची योग्यता एकमुखाने मान्य केली. तरीही हार्वर्डने पदवी नाकारली. कारण एकच, त्या स्त्री होत्या. १९०२ साली त्यांना हार्वर्डऐवजी रॅडक्लिफ या संलग्न स्त्री-महाविद्यालयाची पदवी देऊ करण्यात आली. काम एका संस्थेत केले असताना पदवी दुसरीची का घ्यावी, या विचाराने त्यांनी ती नम्रपणे नाकारली. १९०५ साली त्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १९३० साली त्या निवर्तल्या, तेव्हाही हार्वर्डची पदवी त्यांना मिळालेली नव्हती.

कॉल्किन्स यांच्यासमोरील अडथळा डोळ्यांना दिसणारा होता. बंद दार होते, दाराआड विद्यापीठ होते आणि नकाराचा कागद होता. दुसऱ्या प्रकारचा अडथळा अधिक सूक्ष्म असतो. तेथे दार बंद करावे लागत नाही. स्त्री जे करते ते शास्त्रच नव्हे, ते तिच्या स्वभावातच असते, असे म्हटले की काम भागते. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी १८९६ साली रोम येथे वैद्यकीय पदवी मिळविली, मनोदुर्बल समजल्या गेलेल्या मुलांचा रुग्णालयात अभ्यास केला आणि १९०७ च्या जानेवारीत रोममधील सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत 'बालगृह' उघडले. दिवसभर आईबाप कामावर गेलेली मुले तेथे येत. आज धनिकांच्या वसाहतींत जी पद्धत प्रतिष्ठेची खूण झाली आहे, तिचा जन्म कामगारवस्तीत झाला होता, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावयास हवे.

आपल्या देशात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला आणि १९२४ साली म्हैसूर विद्यापीठात दुसरा. पुणे विद्यापीठातील प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग तर १९५० चा. याच बंगळूरमध्ये १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली; १९७४ नंतर आपण तिला निम्हान्स या नावाने ओळखतो. म्हणजे ताराबाई ज्या काळात काम करू लागल्या, त्या काळात मराठी मुलखातील एखाद्या स्त्रीला 'बाल-मानसशास्त्रज्ञ' म्हणून सामावून घेईल अशी विद्यापीठीय व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. कॉल्किन्सना प्रयोगशाळेचे दार नाकारण्यात आले. ताराबाईंना ठोठावण्यासाठी दारही नव्हते.

मुंबई ते भावनगर

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. मुंबईतील प्रार्थनासमाजी विचारांच्या घरात त्या वाढल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो टिकला नाही आणि १९२१ साली ते विभक्त झाले. पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीकडे तत्कालीन पांढरपेशा समाज कोणत्या दृष्टीने पाहत असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा स्थितीत त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. पद प्रतिष्ठेचे होते, वेतनही चांगले होते. त्या तेथेच राहिल्या असत्या तर आयुष्य निर्वेधपणे गेले असते.

परंतु १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करण्यासाठी गेल्या. गिजुभाईंनी वकिली सोडून १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले होते. या दोघांनी माँटेसरींचा विचार ग्रंथांतून आत्मसात केला. स्वतः माँटेसरी भारतात आल्या त्या पुढे, १९३९ साली. इटली युद्धात उतरल्यावर ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध घातले आणि १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम येथेच झाला. त्याआधी पंधरा-सोळा वर्षे भावनगरच्या टेकडीवर भारतीय मुलांच्या मनाचे निरीक्षण सुरू झालेले होते.

त्या बालमंदिरात काय घडत होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळची शाळा म्हणजे छडी, पाठांतर आणि भीती. मूल म्हणजे अपुरा, अजाण माणूस. त्याला ठोकून-ठोकून माणूस करावयाचा, ही सर्वसंमत समजूत होती. दक्षिणामूर्तीत या समजुतीला प्रयोगाने आव्हान देण्यात आले. शिक्षा काढून टाकली, बक्षीसही काढून टाकले. मुलासमोर साधने मांडली आणि त्याला निवड करू दिली. ते एखाद्या कामात किती वेळ रमते, एकच क्रिया पुनःपुन्हा का करते, कोणत्या वयात हातांच्या हालचालींकडे ओढ घेते आणि कोणत्या वयात शब्दांकडे, याच्या नोंदी घेतल्या. गोष्ट, गाणे, नाट्य यांचा मुलाच्या भावनांवर होणारा परिणाम पाहिला. गृहीतक, निरीक्षण, नोंद आणि पडताळणी हा जर शास्त्राचा क्रम असेल, तर हे शास्त्रच होते. फक्त तेथे पितळी उपकरणे नव्हती आणि पाटीवर विद्यापीठाचे नाव नव्हते.

गिजुभाईंना गुजरातने प्रेमाने नाव दिले 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई. हे नाव आदराचे आहे, यात संशय नाही. तथापि त्याचा अर्थ तपासून पाहण्यासारखा आहे. मुलाचे मन जाणण्याचे काम एखाद्या पुरुषाने केले, तर त्यालाही 'आई' म्हणावे लागते! कारण हे काम अभ्यासाचे आहे, असे समाजाला वाटतच नाही. ते मातृत्वाचे आहे, असे वाटते. पुरुषाच्या बाबतीत निदान ते नवलाचे ठरते आणि त्याचे नाव होते. स्त्रीच्या बाबतीत ते गृहीत धरले जाते आणि त्याची नोंदही होत नाही.

मध्यमवर्गाच्या कुंपणापलीकडे

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' चालविली, लेखन केले, शिक्षक घडविले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला आणि त्याला जोडून अध्यापिकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली. हा प्रयोग यशस्वी झाला. दादरच्या सुशिक्षित कुटुंबांनी तो उचलून धरला.

नेमक्या याच ठिकाणी अनेक सुधारक थांबले. प्रयोग यशस्वी झाला, मध्यमवर्गाने तो स्वीकारला, संस्थेला इमारत मिळाली की सुधारकाचे वर्तुळ पूर्ण होते. ताराबाईंना मात्र हे स्पष्ट दिसू लागले की, माँटेसरींची साधने महाग आहेत, ती ज्यांना परवडतात त्यांच्याच मुलांना मन असल्याचे मानले जाते, आणि देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत आहेत. वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर, १९४५ साली, त्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात बोर्डी येथे गेल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे आयुष्य वाट्याला आलेल्या अनुताईंनी स्वतःच्या हिमतीवर शिक्षण घेऊन पुण्यात शिक्षिकेची नोकरी मिळविली होती. ती सोडून त्या बोर्डीला आल्या, त्या कायमच्या.

१९४५ हे साल आणि हा भूभाग, या दोहोंचे महत्त्व आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. त्याच वर्षी मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्ध लढा पुकारला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच वारली बळी गेले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात कॉम्रेड गोदावरीबाईंनी हा इतिहास लिहून ठेवला आहे.

ताराबाई या लढ्यात नव्हत्या. त्यांचा मार्ग गांधीवादी रचनात्मक कार्याचा होता आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न त्यांनी आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी घेतला नाही. ही त्यांच्या कार्याची मर्यादा होती, असे म्हणावेच लागेल. परंतु मर्यादा सांगून मोकळे होणे, ही मार्क्सवादी समीक्षा नव्हे. त्या मर्यादेच्या आत त्यांनी काय शोधून काढले, हे पाहिले पाहिजे.

शाळा मुलाकडे गेली

बोर्डीला बालवाडी उघडली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तिच्याकडे फिरकेनात. याचे प्रचलित स्पष्टीकरण तयारच होते : ही मुले मंद असतात, त्यांना शिक्षणाची गोडी नसते, त्यांच्या आईबापांना त्याचे महत्त्व कळत नाही. त्या काळच्या मानसशास्त्रातही अशा स्पष्टीकरणांना बळ देणारे प्रवाह होते. अमेरिकेत आणि युरोपात बुद्धिमापनाच्या चाचण्यांचा जोर होता आणि तेथील अनेक तज्ज्ञ त्या चाचण्यांच्या आधारे गरिबी व बुद्धी यांचे नाते वंशाशी जोडीत होते. आपल्याकडे धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन श्रेणी मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी मोठ्या परिश्रमाने तयार केली. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला आणि ती चाचणी दीर्घकाळ वापरली गेली. मोजमापाचे ते काम आवश्यकच होते. पण जे मूल शाळेच्या आवारात पाऊलच टाकीत नाही, त्याच्याविषयी कोणतीही चाचणी मौनच बाळगणार.

ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मुलात काय कमी आहे हे न विचारता, मूल दिवसभर काय करते हे त्यांनी पाहिले. तेव्हा असे दिसले की, ही मुले रिकामी नाहीत. मुलगे गुरे राखतात. मुली पाठच्या भावंडाला कडेवर घेऊन फिरतात. आई मजुरीला गेलेली असते. शाळा गावात असते आणि वस्ती गावाबाहेर. मध्ये अंतर असते आणि त्या अंतरात जातही असते. म्हणजे मूल शाळेत येत नाही याचे कारण त्याच्या मनात नव्हते. ते कष्टकऱ्यांच्या जीवनात होते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, मनाच्या प्रश्नाचा भौतिक पाया त्यांच्या हाती लागला होता.

एकदा निदान अचूक झाल्यावर उपायही त्याच दिशेने आला. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी वस्तीत न्यावी. वस्तीतील एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना आंघोळ घालावी, नखे कापावीत, केस विंचरावेत आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावेत. ही अंगणवाडी. मुले गुरांमागे जातात, तर शिक्षकाने साहित्याची पिशवी घेऊन गुरचरणीवर जावे. ही कुरणशाळा. मुलगी भावंडामुळे अडकून पडते, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असावी, म्हणजे भावंड पाळण्यात राहील आणि बहीण वर्गात बसेल. ही विकासवाडी. पुढे हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध नेण्यात आले आणि तेथे या प्रयोगांना पूर्ण रूप आले.

साधनांच्या बाबतीतही तीच दृष्टी होती. लहानमोठे, खरखरीत-गुळगुळीत, हलके-जड हे भेद मुलाच्या इंद्रियांना कळावेत, हा माँटेसरी साधनांचा हेतू. तो हेतू पॉलिश केलेल्या आयात ठोकळ्यांवाचून साधत नाही, असे थोडेच आहे? शंखशिंपले, बिया, पाने, दगडगोटे, माती, बांबू यांनीही तो साधतो. शिवाय या वस्तू मुलाच्या परिचयाच्या असतात. नियम कायम ठेवून त्याचे साधन परिस्थितीनुरूप बदलणे, हे ज्याला शास्त्र पूर्णपणे समजले आहे त्यालाच जमते. अनुकरण करणारा साधनांना चिकटून राहतो.

हे सारे सुखासुखी झाले नाही. पैशाची चणचण कायम होती. खेड्यात राहून काम करण्यास तयार अशा प्रशिक्षित स्त्रिया मिळत नव्हत्या. ज्या वस्त्यांनी बाहेरून येणाऱ्या पांढरपेशांकडून फसवणूकच अनुभवली होती, त्यांचा विश्वास संपादन करण्यास वर्षे लागली. परंतु यांहून मोठा अडथळा तोच, ज्याचा मी आरंभी उल्लेख केला. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. आदर मिळाला, हारतुरे मिळाले. पण त्यांच्या शोधाला शोध म्हटले गेले नाही. विद्यापीठांतील मानसशास्त्राने कोसबाडला आपली प्रयोगशाळा मानले नाही.

'मानधन' या शब्दाचा अर्थ

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना जे नाव मिळाले ते 'अंगणवाडी'. आज देशात जवळजवळ चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. पोषक आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी, गरोदर स्त्रियांची देखभाल आणि शाळापूर्व शिक्षण, ही सर्व कामे तेथे होतात. ताराबाईंचा शब्द देशभर गेला. शब्दामागचे शास्त्र किती गेले, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे शब्दांशी माझा रोजचा संबंध येतो. अंगणवाडी चालविणाऱ्या स्त्रीला मराठीत 'सेविका' म्हणतात. कन्नडमध्ये तिलाच 'कार्यकर्ती' या अर्थाचा शब्द आहे. तिला दरमहा जी रक्कम मिळते, तिला मराठीत 'मानधन' आणि कन्नडमध्ये 'गौरवधन' म्हणतात. दोन भाषा, दोन राज्ये, परंतु शब्दाची युक्ती एकच. वेतन म्हटले की त्याला किमान मर्यादा येते, महागाई भत्ता येतो, निवृत्तिवेतन येते, कायदा येतो. मान आणि गौरव म्हटले की यातील काहीच येत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने हे मानधन वाढविले, तेव्हा ते सेविकेसाठी दरमहा ४५०० रुपये आणि मदतनिसासाठी २२५० रुपये इतके झाले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तरीही एखाद्या अकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी तुलना केली, तर या 'माना'चे मोल ध्यानात येते.

असे का होते? आर्थिक कारणे उघड आहेत. नवउदारवादी धोरणाला सामाजिक खर्च नकोसा असतो. पण या शोषणाला समाजाची मूक संमती का मिळते, हा प्रश्न उरतोच. ती मिळते, कारण मुलांना सांभाळणे हे स्त्रीला उपजतच येते, त्यात कौशल्य कसले आणि शास्त्र कसले, अशी समजूत घट्ट रुतून बसली आहे. तीन वर्षांचे मूल बोलू का लागत नाही हे ओळखणे, भ्यालेल्या मुलाला गटात आणणे, वीस-पंचवीस मुलांचे लक्ष एका गोष्टीत गुंतवून ठेवणे, हे प्रशिक्षित बुद्धीचे काम आहे. खाजगी बालशाळेत त्याचे भरभक्कम शुल्क आकारले जाते. अंगणवाडीत तेच काम 'सेवा' ठरते. ज्या समजुतीने ताराबाईंना मानसशास्त्राच्या इतिहासात जागा नाकारली, तीच समजूत अंगणवाडी सेविकेला वेतन नाकारते.

या समजुतीविरुद्धचा लढा न्यायालयांतही चालला आणि रस्त्यावरही. कर्नाटकातील अमीरबी खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अंगणवाडी कार्यकर्ती हे पद शासकीय नागरी सेवेतील पद नव्हे. २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने मात्र योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी आणि किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. मार्च २०१७ मध्ये याच बंगळूर शहरात, फ्रीडम पार्कजवळच्या शेषाद्री रस्त्यावर, कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या हजारो अंगणवाडी कर्मचारी स्त्रियांनी रात्रंदिवस ठाण मांडले. अनेकींच्या कडेवर मुले होती. शहराची वाहतूक थांबली, तेव्हा कोठे अनेकांना त्यांचे अस्तित्व जाणवले. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस १९७२ च्या उपदान कायद्याखाली ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निर्णय दिला आणि त्यांना मिळणारी रक्कम त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे असे मानले. त्या निर्णयामागील एक आधार असा की, अंगणवाडीत शाळापूर्व शिक्षण दिले जाते. म्हणजे ताराबाईंनी अंगणात जे काम सुरू केले होते, ते काम म्हणून न्यायालयाने ओळखावयास १९४५ पासून सत्त्याहत्तर वर्षे लागली.

पुढील कार्य

कॉम्रेडहो, यातून आपल्यासमोर काही ठोस कामे उभी राहतात. पहिले, अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या लढ्यात वेतनाच्या मागणीबरोबर प्रशिक्षणाची मागणीही तितक्याच जोराने मांडली पाहिजे. बालमानसशास्त्राचे उत्तम शिक्षण हा सेविकेचा हक्क आहे, आणि ते मिळाले की 'यात कौशल्य कसले' या प्रश्नाला परस्पर उत्तर मिळेल. दुसरे, नोंदवह्या, सर्वेक्षणे, मोबाइलवरील माहिती भरणे यांत सेविकेचा दिवस संपून जाणार असेल तर मुलाकडे पाहण्यास तिला वेळ उरत नाही. तो वेळ परत मिळविणे ही श्रमिकांचीही मागणी आहे आणि बालकांचीही. तिसरे, अंगणवाडीत येणारे मूल आपल्या वर्गाचे मूल आहे. त्याला पोटभर आहार मिळतो की नाही हे आपण पाहतो. त्याला गाणे, गोष्ट, माती, रंग आणि निर्भय वातावरण मिळते की नाही, हेही पाहिले पाहिजे. श्रमिकाच्या मुलाला फक्त पोट असते आणि धनिकाच्या मुलाला मन, ही वाटणी आपण मान्य करता कामा नये.

आपली स्त्री-संघटना आणि कामगार संघटना ज्या वस्त्यांत काम करतात, तेथील अंगणवाड्यांची यादी या महिन्यात तयार करावी, प्रत्येक अंगणवाडीस भेट द्यावी आणि तेथील सेविकेकडून मुलांविषयी ऐकून घ्यावे. अहवाल लिहिताना तिची निरीक्षणे तिच्याच नावाने नोंदवावीत. वर्षानुवर्षे मुलांना जवळून पाहणाऱ्या या स्त्रियांजवळ जे ज्ञान साठले आहे, ते लिहून काढले तर गरिबांच्या मुलांचे मानसशास्त्र आपल्या भाषांत उभे राहील. पुढील अभ्यासवर्गात या अहवालांवर चर्चा व्हावी, अशी माझी सूचना आहे.